एका पाटीचे रसग्रहण

टीकाकार निवृत्त होत नाही असे म्हणतात. पण टीकेला लागणारे साहित्य मात्र त्याच्याकडे येईनासे होते. मी नोकरीत होतो तोवर गावातले नवकवी आपले संग्रह ‘सप्रेम भेट’ म्हणून आणून देत आणि आठ दिवसांनी ‘सर, वाचलं का?’ म्हणून फाटकाशी उभे राहत. आता तेच कवी रस्त्यात भेटले की माझ्या गुडघ्याची चौकशी करतात. कवितेचा विषय निघत नाही. एकतीस वर्षे मुलांना मराठी शिकवलेल्या माणसाने मग सकाळी उठून वाचायचे तरी काय? मी पाट्या वाचू लागलो.

यात कमीपणा आहे असे मला वाटत नाही. मी वाशीमचा. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली. तिच्यात काव्यपुरुष देशोदेशी हिंडतो, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग हिंडते, आणि अखेर दोघांचे लग्न लागते ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. म्हणजे आमच्या गावी! लग्न गांधर्व पद्धतीने झाले, त्यामुळे पंगतीचा उल्लेख नाही. नाहीतर त्या पंगतीत कोण रुसले हेही आम्ही आजवर सांगत बसलो असतो. याच राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’त ‘वच्छोमी’ नावाची एक रीती येते, तीही आमच्या गावावरूनच पडलेली. जिथे साहित्याची अशी सोयरीक जुळली, तिथल्या पत्र्यावरच्या दोन ओळीही टीकेला पात्र असल्या पाहिजेत.

प्रस्तुत पाटी आमच्या घराच्या डाव्या हाताला लागलेली होती. तिचे रसग्रहण करण्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. परीक्षेत याला दोन गुण असत.

माझ्या डावीकडे एक गृहस्थ राहतात आणि उजवीकडे दुसरे. नावे सांगत नाही, कारण मला दोघांकडेही रोज जावे लागते. एकाकडे पेपर असतो आणि दुसऱ्याकडे चहा. आपण त्यांना डावे आणि उजवे म्हणू. यात राजकारण नाही. दोघे मत कोणाला देतात हे त्यांच्या घरातही कोणाला कळलेले नाही. डावे बँकेत होते, उजवे तहसिलीत. डाव्यांनी आपल्या भिंतीबाहेर, फाटकापासून डांबरापर्यंतच्या चार फुटी पट्टीत हरळी लावली आहे. उजव्यांकडे प्रिन्स आहे. भांडणाला याहून जास्त सामग्री लागत नाही.

हरळी हे काही फार मोठे पीक नव्हे, असे बाहेरगावच्या माणसाला वाटेल. त्याने वैशाखात वाशीमला येऊन पाहावे. काळ्या मातीला पायाचा अंगठा जाईल एवढ्या भेगा पडतात. एकबुर्जीच्या धरणात पाणी किती उरले, हे वाशीमकर स्वतःच्या रक्तदाबाइतक्या काळजीने विचारतो. अशा दिवसांत डावे तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले, कपडे शेवटचे खंगाळलेले पाणी बादलीत साठवतात आणि संध्याकाळी पेल्यापेल्याने त्या पट्टीला घालतात. साऱ्या रस्त्यावर तेवढीच चार फूट हिरवी रेघ. बँकेत असताना त्यांनी दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळल्या. ही त्यांची स्वतःची.

आणि प्रिन्स? उजव्यांच्या मुलाने तो पुण्याच्या फ्लॅटमध्ये पाळला होता. सून बाळंत झाली तेव्हा ‘महिनाभर ठेवा बाबा’ म्हणून वाशीमला आणून सोडला. त्याला आता सहा वर्षे झाली. वहिनी गेल्यापासून उजव्यांच्या घरात दिवसभर एकच नाव पुकारले जाते, आणि त्या हाकेला धावत येणारेही कोणीतरी आहे. तेव्हा प्रिन्सला नुसता कुत्रा म्हणणे बरोबर नाही. पण सकाळी साडेपाचला तो कुत्राच असतो. माझ्या दारावरून जाताना तो तिथल्या मुरमाकडे ढुंकूनही पाहत नाही. थेट हरळीवर जातो, दोन प्रदक्षिणा घालतो आणि बसतो. मऊ हिरवळ सोडून खड्यांवर बसायला त्याला काय वेड लागले आहे?

बसण्याचे निस्तरता येते. खरे दुखणे पाय वर करण्याचे. कुत्र्याच्या लघवीत युरिया असतो. आपल्या जिल्ह्यात शेतकरी गोणीने आणतात तोच, नत्रवाला. एकाच ठिकाणी भरमसाट पडला की मधले गवत करपून पिवळे होते आणि कडेला, जिथे तो पातळ होऊन पोचतो, तिथे गवत उलट जास्त हिरवे होते. म्हणजे हिरव्या कडेचा एक पिवळा रुपया. डाव्यांच्या हरळीवर गेल्या उन्हाळ्यात असे अकरा रुपये पडले होते. ते रोज मोजत. शेवटी बँकेतला माणूस!

आता मूळ पाठाकडे वळू.

‘येथे कुत्र्यांना घाण करू देऊ नये.’

पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरे. ही रचना खुद्द डाव्यांची. भावना अस्सल आहे आणि लांबीही बेताची. पण हे कोण कोणाला सांगतो आहे? वाक्यभर शोधले तरी सांगणारा सापडत नाही आणि ऐकणाराही नाही. ‘नये’ हे आपल्या मध्यमवर्गाचे लाडके क्रियापद आहे. थुंकू नये, फुले तोडू नयेत, दुपारी बेल वाजवू नये. ‘नको’ म्हणायचे तर समोर माणूस लागतो. ‘नये’ला भिंत पुरते. पुन्हा ‘कुत्र्यांना’ हे अनेकवचन पाहा. आमच्या गल्लीत पट्टा बांधून फिरणारा कुत्रा एकच आहे. हे प्रिन्सला दिलेले आदरार्थी बहुवचनही नव्हे. उजव्यांचे नाव घ्यावे लागू नये म्हणून साऱ्या श्वानजातीला वेठीला धरले आहे.

‘घाण’ या शब्दावरही थांबले पाहिजे. या वस्तूला लहान मुलाचा शब्द मराठीत आहे, डॉक्टरचा आहे आणि शिवीचाही आहे. पण एका निवृत्त बँकवाल्याने एका निवृत्त तहसीलवाल्याला तोंडावर म्हणावा असा शब्द नाही. मी बरेच शोधले. उजवेही तो टाळतातच. ते म्हणतात, ‘प्रिन्सला फिरवून आणतो.’ प्रिन्स फिरतो. मध्येच कुठे थांबतो, हा भाग कथनातून गाळलेला असतो. एक जण ‘घाण’ म्हणतो, दुसरा ‘फिरणे’ म्हणतो, आणि ज्याबद्दल भांडण आहे त्याचा उच्चार अकरा महिन्यांत एकदाही झाला नाही.

अकरा महिने, हो. तोवर आम्ही तिघे संध्याकाळी पद्मतीर्थापर्यंत चालत जात होतो. पाटी लागली त्या दिवसापासून डावे पाचला निघू लागले आणि उजवे सहाला. मला दोनदा जावे लागे. माझ्या गुडघ्याचे मूळ इथे आहे.

तसे या विषयाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे सत्र चालू असते. तिथे सरमा नावाच्या कुत्रीचे पिल्लू येते आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. पिल्लाने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, नुसते पाहिलेलेही नसते. त्याची आई थेट यज्ञमंडपात येऊन विचारते, माझ्या पोराला का मारलेत? कोणी उत्तर देत नाही, तेव्हा ती शाप देते. आणि ग्रंथाच्या शेवटाकडे धर्मराज स्वर्गाच्या दारात अडून बसतो, तोही कुत्र्यावरूनच. एवढा ग्रंथ दोन कुत्र्यांच्या मध्ये बसवलेला आहे, पण गवताच्या मालकाचा विचार व्यासांनीही केला नाही. इकडे पु. लं.नी ‘पाळीव प्राणी’ लिहून पाळणाऱ्यांच्या घरी जाणाऱ्या पाहुण्याची व्यथा मांडली. शेजाऱ्याची मांडायची राहूनच गेली. मात्र सरमेचे एक लक्षात घ्या. ती बोलायला स्वतः गेली. तिने यज्ञमंडपाबाहेर ‘येथे पिल्लांना मारू नये’ अशी पाटी लावली नाही.

पहिल्या पाटीचा उपयोग होईना, तेव्हा दुसरी आली.

‘सूचना : येथे कुत्रा घाण करताना आढळल्यास मालकावर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’

इथे टीकाकाराने आपले हितसंबंध उघड केले पाहिजेत. ही पाटी मी लिहून दिली. डावे रात्री कागद घेऊन आले आणि म्हणाले, ‘सर, जरा जरब वाटली पाहिजे.’ मी ‘कारवाई’ लिहिले होते. पेंटरने ‘कार्यवाही’ केले. तो शब्द त्याच्या ब्रशात बसलेला होता. झाले, सगळी जरब तिथेच संपली. कारवाई म्हणजे बडगा. कार्यवाही म्हणजे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणे. उजव्यांची हयात तहसिलीत गेलेली. त्यांनी पाटी वाचली आणि सहा महिन्यांत प्रथमच मोकळेपणी हसले. ‘होऊ द्या कार्यवाही,’ मला म्हणाले, ‘मी जिवंत असेपर्यंत तरी निघत नाही.’

आणि त्याच रात्री तेही कागद घेऊन आले. त्यांचा मसुदा सात मुद्द्यांचा होता, संदर्भ आणि विषयासह. मी सहा मुद्दे खोडले. उरले ते असे :

‘सदर जागा नगर परिषदेची आहे.’

ही पाटी त्यांनी आपल्या भिंतीवर, डाव्यांना फाटकातून दिसेल अशा बेताने लावली. स्वतःचे लेखन म्हणून सांगत नाही, पण एकूण पाटी-वाङ्मयात मी हिला फार वरचे स्थान देतो. समास नाही, धमकी नाही, कुत्र्याचा उल्लेखसुद्धा नाही. वच्छोमी रीती ती हीच असली पाहिजे. आणि विधान खरे आहे, हे तिचे सर्वात मोठे क्रौर्य. भिंतीबाहेरची पट्टी रस्त्याची. डाव्यांच्या उतारातच ती नाही. दुसऱ्या दिवशी डावे बादली घेऊन बाहेर आले, पाटी वाचली, आणि त्या संध्याकाळी हरळीला पाणी पडले नाही. मला रात्री झोप लागली नाही. शब्द नेमका बसला की असे होते, हे मी वर्गात इतकी वर्षे सांगत होतो. कोणाच्या घरी बसतो, हे तोवर पाहिले नव्हते.

यानंतर आमच्या गल्लीतले साहित्य शब्दांच्या पलीकडे गेले. डाव्यांनी लाल पाण्याच्या बाटल्या टांगल्या. साऱ्या महाराष्ट्रात फाटकाफाटकांवर या लटकताना दिसतात, आणि त्यामागचा सिद्धांत कोणालाच सांगता येत नाही. नवकाव्यासारखेच आहे ते. कुत्र्याला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही. त्याला पिवळा आणि निळा बरा ओळखू येतो. म्हणजे प्रिन्सच्या दृष्टीने तिथे मळकट पाण्याच्या चार बाटल्या होत्या. त्याने त्या हुंगल्या आणि पुढे जे करायचे ते केले.

मग आली दत्ताची टाइल. जिन्याच्या कोपऱ्यात लोकांनी थुंकू नये म्हणून देवांच्या टाइल बसवतात, त्यातला हा प्रकार. डावे दत्तभक्त. आमच्याच जिल्ह्यातले कारंजा हे नृसिंहसरस्वतींचे जन्मगाव. तिथे जाऊन आले आणि येताना टाइल घेऊन आले. भिंतीच्या पायथ्याशी सिमेंटमध्ये पक्की केली. सकाळी उजवे आले, वाकले, चष्मा सरसावला, आणि मी खिडकीत असेन हे ओळखून मोठ्याने म्हणाले, ‘सर, मोजा बरं! चार आहेत!’

दत्ताच्या पायाशी चार कुत्री होती. नेहमीच असतात.

‘देवाले चालते, अन् यायले नाही चालत,’ उजवे म्हणाले. एरवी ते छापील बोलतात. हे मात्र आतून आले. चार कुत्री म्हणजे चार वेद, असा खुलासा डाव्यांनी माझ्यामार्फत पाठवला. तो मी पोचवला नाही. अर्थाची अशी ओढाताण मी विद्यार्थ्यांनाही करू दिली नसती.

या प्रश्नावर कायद्याचे गद्य काय म्हणते तेही पाहिले. कौटिल्याने नगरात मेलेले मांजर, कुत्रे, मुंगूस किंवा साप टाकणाऱ्याला तीन पण दंड सांगितला आहे. मेलेल्या कुत्र्याचा एवढा विचार. पण जिवंत कुत्र्याने काही टाकले तर काय, हे त्या यादीत मला सापडले नाही. पॅरिसने १९८२ मध्ये यासाठी खास मोटारसायकली काढल्या. स्वार नळी लावून फुटपाथवरचा ऐवज ओढून घेत पुढे जाई. खर्च इतका झाला आणि ऐवज इतका उरला की २००४ पर्यंत त्या बंद झाल्या. न्यूयॉर्कने १९७८ मध्ये साधे वाक्य लिहिले : कुत्र्याच्या मालकाने उचलावे. मुंबई महापालिकेनेही २००६ च्या स्वच्छता उपविधींत न उचलणाऱ्या मालकाला पाचशे रुपये दंड ठेवला. मला यातला दंड महत्त्वाचा वाटत नाही. या वाक्यांना कर्ता आहे, हे महत्त्वाचे.

उचलण्याचे सोडा, पण त्या पिवळ्या रुपयांवर एक तोडगा आहे. कुत्र्याने पाय वर केला की लागलीच तिथे तांब्याभर पाणी ओतायचे. युरिया पातळ होतो आणि गवत वाचते. मी हे उजव्यांना चहाच्या वेळी सांगितले. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.

‘सर, म्हणजे सकाळी साडेपाचला मी हातात पाण्याचं टमरेल घेऊन कॉलनीतून चालू?’

हे माझ्या लक्षातच आले नव्हते. आपल्याकडे पहाटे हातात टमरेल याचा अर्थ एकच होतो. हागणदारीमुक्तीच्या मोहिमेत गावोगाव ‘गुड मॉर्निंग पथके’ फिरत आणि टमरेलवाल्यांना गाठून गुलाबाचे फूल देत. नोकरीत असताना उजवे स्वतः अशा एका पथकात होते. त्यांनी दिलेल्या गुलाबांपैकी एखादा गृहस्थ आज आमच्या कॉलनीत घर बांधून राहत नसेल कशावरून? ‘तो फूल घेऊन येईल हो,’ उजवे म्हणाले. त्यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. मला तेव्हा पहिल्यांदा कळले की हे भांडण गवताचे नाही आणि कुत्र्याचेही नाही. वाकायचे कोणी, याचे आहे. तहसिलीतल्या माणसाने रस्त्यावर, लोकांदेखत, कागद घेऊन खाली वाकायचे. आपल्या समाजात हे वाकणे आपण पिढ्यानपिढ्या ठरावीक घरांवर सोपवून मोकळे झालो आहोत. गाडगेबाबांनी खराटा हातात घेतला, तर आपण त्यांची तसबीर लावली. माणसाची घाण माणसाकडून उचलून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी केली; कुत्र्याच्या घाणीचे त्यात काही नाही.

तरी पण पट्टी रोज साडेसातला स्वच्छ असे. पिवळे रुपये तेवढे राहत. याचे आश्चर्य आम्हा तिघांपैकी कोणालाही वाटले नाही, हे लिहिताना आज मला बरे वाटत नाही. सातला खराटा घेऊन एक बाई येतात. रस्ता झाडतात, आणि हरळीवरचे वाळक्या पानांत धरून ढिगाऱ्यात टाकतात. मी दोन्ही भिंतींसाठी मजकूर लिहीत होतो तेव्हा त्या खालून जात होत्या.

एकदा मी फाटकाशी उभा होतो. रिकामा टीकाकार, वाचक दिसला की राहवत नाही. विचारले, ‘बाई, या पाट्या वाचल्या का?’

‘वाचल्या ना सर. रोज वाचतो.’

‘कशा वाटल्या?’

त्यांनी खराटा भिंतीला टेकवला. ‘कुत्र्यानं करू नये, हे समजलं. मालकानं करू देऊ नये, हेही समजलं. जागा कोनाची, थेही समजलं. पन झाल्यावर उचलाव कोनं, थे तं कुठंच लिवलं नाही.’

मी एकतीस वर्षे मराठी शिकवले. वाक्यात काय आहे ते पाहायला शिकवले आणि काय नाही तेही पाहायला शिकवले. ‘बरोबर आहे,’ एवढेच म्हणून मी घरात आलो. त्या दिवशी डाव्यांकडे पेपरला गेलो नाही आणि उजव्यांकडे चहालाही नाही.

मे महिन्यात वळवाचा पाऊस वाऱ्यासह झाला. रात्री पत्रा आपटल्याचा आवाज आला. सकाळी पाहतो तो पहिली पाटी, ‘येथे कुत्र्यांना’वाली, तार तुटून हरळीवर पालथी पडलेली. बाई आल्या. त्यांनी ती उचलली, उलटसुलट करून पाहिली, रस्त्याच्या कडेच्या दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने तिन्ही बाजू ठोकून वर वळवल्या. पाच मिनिटांत झकास सुपडी झाली. पट्टीवर त्या दिवशीचा ऐवज होताच. एका फटक्यात आत घेतला. आवाज ऐकून डावे बादली घेऊन बाहेर आले होते.

‘पत्रा चांगला हाय,’ बाई म्हणाल्या. ‘घेऊ का साहेब?’

डाव्यांनी मान हलवली. थोड्या अंतरावर उजवे प्रिन्सचा पट्टा धरून उभे होते. कोणी काही बोलले नाही. प्रिन्स तेवढा शेपूट हलवत होता.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीत होतो. साडेपाच वाजले. उजवे आले, हरळीशी थांबले, मग डाव्यांच्या फाटकापर्यंत गेले आणि कडी वाजवली. डावे आले.

‘ती दुसरी पाटी,’ उजवे म्हणाले, ‘लागते का तुम्हाला?’

‘कोणती? कार्यवाहीची?’

‘हो.’

डाव्यांनी भिंतीवरची तार सोडायला घेतली. गाठ गंजली होती, वेळ लागला. उजव्यांनी एका हाताने पत्रा धरून ठेवला. सुटल्यावर डाव्यांनी तो पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

‘कडा वळवून घ्या,’ ते म्हणाले. ‘हाताला कापतो.’